रंगभूषेचं पाकीट

आयुष्यात मी एकदाच शपथ घेतली आणि ती शब्दशः पाळली. लग्नातली धरत नाही. ती संस्कृतात होती आणि भटजींना पुढचं लग्न गाठायचं होतं. ही शपथ मुद्रांकाच्या कागदावर इंग्रजीत टाइप केलेली होती, आणि तिच्याखाली सही करताना मी पेन दोनदा पुसलं होतं. देशाच्या सुरक्षिततेचा काही भार आपल्यावर येतो आहे असं वाटत होतं. येणार होतं ते एवढंच: त्या वर्षीच्या हिंदी सिनेमांतला सर्वोत्कृष्ट रंगभूषाकार कोण, ध्वनिमुद्रक कोण, संकलक कोण, आणि असे एकूण नऊ जण कोण.

"प्रोफेसरसाब, मरते दम तक," खुबचंदानी म्हणाले.

"कागदावर बारा फेब्रुवारीपर्यंत लिहिलंय," मी म्हटलं.

"वो लीगल है. मैं दिल की बात कर रहा हूँ."

खुबचंदानी 'रजतलोक' या हिंदी सिनेसाप्ताहिकाचे मालक. साप्ताहिक कसंबसं चालायचं, पण त्याचे वार्षिक पुरस्कार जोरात होते. ते त्यांचं अठरावं वर्ष. आदल्या वर्षी कुठल्याशा वर्तमानपत्राने 'हे सगळं आधीच ठरलेलं असतं' असं छापलं होतं. म्हणून यंदा मतमोजणीला त्यांना सिनेमाशी संबंध नसलेला, प्रामाणिक दिसणारा माणूस हवा होता. आमच्या प्राचार्यांनी माझं नाव सुचवलं. मी संख्याशास्त्र शिकवायचो आणि बसने कॉलेजात यायचो. प्रामाणिकपणाचा याहून वेगळा पुरावा प्राचार्यांना लागत नसे.

सिनेमाशी माझा संबंध नव्हता हे मात्र अर्धसत्य होतं. माझे सासरे आत्माराम केळुसकर एक्केचाळीस वर्षं स्टुडिओत रंगभूषा करत होते. घरात त्यांना नाना म्हणायचे, स्टुडिओत आत्मादादा. त्यांनी कोणाकोणाला दाढ्या लावल्या याची यादी केली तर निम्मा हिंदी सिनेमा येईल. पण त्यांना कधी कसलं नामांकन मिळालं नव्हतं, त्यामुळे सही करताना मला तो प्रश्नच पडला नाही. आठ दिवसांनी नामांकनं छापून आली. रंगभूषेच्या पाच नावांत तिसरं नाव नानांचं.

मी धावत खुबचंदानींकडे गेलो.

"सर, माझे सासरे नामांकनात आहेत. मला हे काम सोडलं पाहिजे."

"ससुर?" ते खूश झाले. "सगे?"

"हो."

"प्रोफेसरसाब, इस लाइन में हर आदमी किसी न किसी का ससुर है. आप सिर्फ गिनो."

त्याप्रमाणे सहा फेब्रुवारीला, रविवारी सकाळी, त्यांच्या कचेरीत दार लावून मी मोजलं. परीक्षक अकरा. रंगभूषेच्या अकरा चिठ्ठ्या निघाल्या. त्यांतल्या नऊ व्हिक्टर डिमेलोच्या, एक नानांची आणि एक कोरी.

मी परत मोजलं. मग सगळ्या चिठ्ठ्या पालथ्या घालून, डोळे मिटून, उघडून, तिसऱ्यांदा मोजलं. अकरा चिठ्ठ्या तीनदा मोजणारा संख्याशास्त्राचा मी पहिलाच प्राध्यापक असेन. व्हिक्टरने एका दरोडेखोराचा भाजलेला चेहरा केला होता; तो पडद्यावर आला की पुढच्या रांगेतली पोरं मान खाली घालायची. नानांनी एका बड्या नायकाला पंचविसाचा पंच्याहत्तर केला होता. चेहऱ्यावर पातळ रबर लावायचं, पंख्यासमोर वाळवायचं, चिमटीने सुरकुती ओढायची, परत लावायचं. रोज चार तास. काम इतकं बेमालूम होतं की परीक्षकांना नायकच खरोखर थकला आहे असं वाटलं असावं.

मी माझ्या टाइपरायटरवर नऊ नावं नऊ कागदांवर उतरवली, नऊ पाकिटांत घातली आणि लाखेने मोहोर केली. मतांचा तक्ता वेगळ्या पाकिटात मोहोरबंद करून खुबचंदानींच्या हवाली केला. नावांची पाकिटं शनिवारी पाच वाजेपर्यंत माझ्या ताब्यात राहायची होती. ती मी घरी आणून लोखंडी कपाटात, बायकोच्या शालूखाली ठेवली. बायको म्हणजे नानांची मुलगी, वृंदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना ती म्हणाली, "मी काही उघडलेलं नाही हं."

"उघडू नकोसच."

"उजेडासमोर धरलं होतं. दिसत नाही काही."

त्या सोमवारी आम्हाला गोरेगावला नानांकडे जेवायला बोलावणं होतं. मी डोकं दुखण्याचं निमित्त काढून पाहिलं. "तुम्ही आला नाहीत तर त्याचाही अर्थ काढतील," वृंदा म्हणाली. तेही खरं होतं. मी गेलो.

दारातच सासूबाईंनी माझं तोंड निरखलं. त्या मूळच्या वेंगुर्ल्याकडच्या, चाळीस वर्षं मुंबईत राहून बोली सोडली नव्हती.

"तोंड कित्याक उतरला?"

"बसला गर्दी होती, आई."

"गर्दीन तोंड असा उतरत नाय," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

नाना पाटावर बसलेले होते. बारीक चणीचे, अंगात बाह्यांचा गंजीफ्रॉक, बोटांच्या टोकांना गोंदाने आलेला कायमचा पिवळेपणा. समोर बांगड्याची कढी आणि भात. ताट येताच त्यांनी विषय काढला, आणि माझी खरी परीक्षा सुरू झाली.

"साहेबांच्या सेक्रेटरीचा फोन होता." साहेब म्हणजे तोच नायक, नानांनी म्हातारा केलेला. "नवीन पिक्चर आहे. गुरुवारी युनिट ऊटीला निघतंय, चाळीस दिवस. उद्यापर्यंत हो की नाही ते सांगा म्हणतो."

"पण शनिवारी तर तुमचा समारंभ," वृंदा म्हणाली.

"तेच तर. ऊटीला गेलो तर समारंभ नाही. समारंभाला थांबलो तर दुसरा माणूस नेणार."

"आणि दुसरो एकदा गेलो की तो सायबाचोच झालो," सासूबाई कढी वाढता वाढता म्हणाल्या.

हेही खरं होतं. मोठ्या नायकाचा रंगभूषाकार म्हणजे वर्षाला चार सिनेमे, त्याच्या घरी कधीही ये-जा आणि मान. नाना तेव्हा त्रेसष्ट वर्षांचे होते. साहेबांचं काम सुटलं तर त्या वयात दुसरं मोठं काम मिळणार नव्हतं. म्हणजे हिशेब साधा होता: व्हिक्टरला नऊ मतं होती. नाना ऊटीला गेले तर काम राहणार होतं. थांबले तर काम जाणार होतं आणि पुरस्कारही मिळणार नव्हता. हे सगळ्या जगात फक्त मला माहीत होतं, आणि मी बांगड्याचा काटा काढत होतो.

"जावयांका म्हायत आसा," सासूबाई म्हणाल्या. "सांगूक काय होता? नाव नको. नुसती मान हलवा."

"आई, त्यांनी सही केली आहे," वृंदा म्हणाली. पण तिचेही डोळे माझ्या मानेवरच होते.

मी मान इतकी ताठ ठेवली की भात गिळवेना.

"त्यांना त्रास देऊ नका," नाना म्हणाले. "जेवू दे त्यांना." मग सहज, जेवता जेवता बोलावं तसं, ते नामांकनातल्या बाकीच्या चौघांबद्दल बोलू लागले. "प्रधानचं काम ठीक आहे. विग जरा वर बसला होता, कपाळाशी शिवण दिसते." त्यांनी घास घेतला. "तो मद्रासचा मुलगा आहे ना, त्याचा हात साफ आहे. पण रंग फार लावतो. तिकडे चालतं." आणखी एक घास. "गुलाम हैदरचं काय सांगावं, तो माझा गुरुभाई. त्याची नजर आता गेली. मिळालं तर बरंच होईल, पण मिळणार नाही." त्यांनी मला आणखी एक बांगडा वाढला. "व्हिक्टरचं काम मात्र मला आवडलं. ती भाजलेली कातडी कशाची केली असेल, सांगा बघू?"

मला काटा लागला.

कोणीतरी पाठीत थोपटलं. वृंदाने कोरड्या भाताचा गोळा तोंडात घातला. सासूबाई म्हणाल्या, "चावू नका, सबंध गिळा." मी गिळला. डोळ्यांत पाणी आलं. नाना हात न हलवता, शांतपणे माझ्याकडे पाहत होते, नवीन माणूस खुर्चीत येऊन बसला की रंग लावायच्या आधी पाहतात तसे.

"गेला का काटा?"

"गेला."

"छान." त्यांनी ताटाभोवती पाणी फिरवलं. "मी ऊटीला जात नाही."

सासूबाईंनी दोन्ही हात जोडून देवाकडे पाहिलं. वृंदाने माझा दंड दाबला. मला समजलं की मी लपवण्याच्या नादात भलतीच बातमी दिली आहे.

मंगळवारी मी वर्गात सरासरीऐवजी मध्यगा शिकवली आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. बुधवारी मला राहवेना. शपथ मोडायची नव्हती, पण वाकवता आली तर पाहावं म्हणून मी कॉलेज सुटल्यावर एकटाच गोरेगावला गेलो. नाना ओट्यावर बसून केसांच्या बटा विंचरत होते.

"नाना, ऊटीची हवा या दिवसांत उत्तम असते म्हणतात."

"थंडी असते. रबर वाळत नाही."

मी खुर्ची ओढून बसलो. "मी एक संख्याशास्त्राच्या दृष्टीने बोलतो. पाच जण असले की एकेकाची शक्यता वीस टक्के."

"म्हणजे ऐंशी टक्के नाही."

"हो."

"हे तुम्ही त्या बाकीच्या चौघांनाही सांगाल?"

मी विचार केला. "सांगेन."

"मग यात तुम्ही मला वेगळं काय सांगितलंत?" त्यांनी बट उजेडात धरली. "दिवाकरराव, जीव खाऊ नका स्वतःचा. मी कालच सेक्रेटरीला फोन केला. येत नाही म्हणून सांगितलं, माझ्या जागी माणूसही दिला. संपलं."

माणूस कोण दिला हे मी विचारलं नाही. माझं मन 'संपलं' या शब्दापाशीच थांबलं होतं.

परतताना मी बसस्टॉपवर दोन बसा सोडल्या. अजून वेळ होता. युनिट गुरुवारी निघणार होतं, म्हणजे उद्या. आता मागे जावं आणि 'नाना, तुम्हाला एकच मत आहे' असं सांगून टाकावं, एवढंच करायचं होतं. त्या पाच शब्दांनी त्यांचं काम वाचलं असतं. पण त्याबरोबर हेही त्यांना कळलं असतं की एक्केचाळीस वर्षांनी अकरा माणसांना विचारलं, तेव्हा एकाने त्यांचं नाव घेतलं. हे मी कसं सांगणार होतो? तिसरी बस आली. मी चढलो. आजतागायत मला ठरवता आलेलं नाही की त्या वेळी मी शपथ पाळली की घाबरलो.

शनिवारी समारंभ होता. मुख्य पुरस्कार संध्याकाळी सातनंतर, तारे-तारका आल्यावर. तांत्रिक पुरस्कार मात्र पाचलाच उरकून घ्यायची रीत होती. सभागृहात आम्ही पोचलो तेव्हा खुर्च्या पुसणं चालू होतं आणि मंचावर एक माणूस शिडीवर चढून दिवे फिरवत होता. मी पाकिटांची पिशवी पोटाशी धरून गेलो आणि पावती घेऊन ती मंचामागे दिली. आता माझ्या हातात काहीच नव्हतं, तरी पोटाशी धरलेला हात सुटेना.

नानांनी राखाडी सफारी शिवून घेतली होती. सासूबाईंनी हिरवी पैठणी नेसली होती आणि पाकिटात पेढे आणले होते. "आत्ताच काढू नका," नाना त्यांना म्हणाले. ते रांगेच्या कडेच्या खुर्चीवर बसले. आमच्या पुढे काळा चष्मा लावून गुलाम हैदर बसले होते. प्रधान आणि तो मद्रासचा मुलगा दिसत नव्हते. व्हिक्टरच्या नावाची चिठ्ठी लावलेल्या खुर्चीवर कोणीतरी पर्स ठेवली होती.

"नाना," मी कुजबुजलो, "काहीही झालं तरी तुमचं काम मोठंच आहे."

"तुम्हाला बरं नाही वाटत का?" त्यांनी विचारलं. "पाणी प्या."

ध्वनिमुद्रक झाला. संकलक झाला. पुरस्कार द्यायला मागच्या दशकातल्या एक नायिका आल्या होत्या. त्यांनी तिसरं पाकीट घेतलं. माझी लाखेची मोहोर मला लांबून ओळखू आली. त्यांनी ती नखाने फोडली, कागद बाहेर काढला, त्याच्याकडे पाहून हसल्या आणि माइकमध्ये म्हणाल्या:

"श्री आत्माराम केळुसकर!"

सासूबाई रडू लागल्या. वृंदा टाळ्या वाजवत उभी राहिली. नाना सफारीची गुंडी लावून, जराही न गडबडता, मंचाकडे चालू लागले.

आधी वाटलं, मी चुकीचा कागद घातला. मग आठवलं की नानांच्या नावाचा कागद मी टाइप केलाच नव्हता. की केला होता? रविवारी मन थाऱ्यावर नव्हतं. बोटांनी आपल्या मनाने टाइप केला असेल तर? आणि हे उघडकीला आलं तर कोण मानणार? मोजणारा जावई, जिंकलेला सासरा, आणि पाकिटं सहा दिवस मुलीच्या शालूखाली. मला प्राचार्यांचा चेहरा दिसला. ते वर्तमानपत्र दिसलं, मथळ्यासकट. टाळ्या चालू असतानाच मी उठलो आणि मंचामागे गेलो.

खुबचंदानी एका पेटीवर बसून बटाटवडा खात होते.

"सर, घोटाळा झाला आहे. त्या पाकिटात हे नाव नव्हतं. तुम्ही कागद तपासा. मी शपथेवर सांगतो."

"क्या नाम था?"

"व्हिक्टर डिमेलो."

"हां. वही था," ते म्हणाले. "तो?"

मी मंचाकडे बोट दाखवलं.

"विक्टर किधर है?" त्यांनी विचारलं.

"मला काय माहीत?"

"ऊटी में. परसों गया. तो ट्रॉफी किसको देता मैं? खुर्ची को?"

"पण... बाईंनी कागद वाचला."

"मॅडम को नाम पहले बता दिया था. स्टेज पे वो चष्मा नहीं लगाती. उनको तो धोबी की पर्ची देते तो भी वही पढ़तीं."

"म्हणजे जो येतो त्याला..."

"जो आता है उसको. अठारह साल से. हॉल भरना है, फोटो छापना है. जो नहीं आया उसका फोटो कहाँ से लाऊँ?"

"मग मतमोजणी कशासाठी केली?"

खुबचंदानींनी वडा खाली ठेवला. मी अपमान केल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

"प्रोफेसरसाब, आपकी गिनती के बगैर हम क्या करते? आज मेकअप में दो लोग आये. आत्मादादा और गुलामभाई. आपने जो तक्ता दिया था वो मैंने खोला. आत्मादादा का एक वोट, गुलामभाई का ज़ीरो." त्यांनी एक बोट वर केलं. "एक ज़्यादा है कि ज़ीरो?"

"एक."

"देखा? गिनती काम आयी. हम बेईमानी नहीं करते." आणि त्यांनी मला उरलेला वडा देऊ केला.

मी परत जागेवर आलो. नाना तोवर खाली आले होते. पितळी मूर्ती सासूबाईंच्या मांडीवर होती आणि त्या पदराने तिचा चेहरा पुसत होत्या.

"जावयांका सगळा म्हायत होता!" त्या मागच्या अनोळखी बाईंना सांगत होत्या. "पण तोंडार दिसूक दिल्यांनी नाय. एक अक्षर नाय!"

"मला वाटत होतं तुम्हाला ॲसिडिटी झाली आहे," वृंदा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "किती सोसलंत ना."

मी पेढा खाल्ला.

मार्च संपता संपता युनिट ऊटीहून परतलं. साहेबांना व्हिक्टरचा हात आवडला आणि त्यांनी तो ठेवून घेतला. नानांना पुढे मोठं काम मिळालं नाही. टीव्हीवरच्या पौराणिक मालिकांत ऋषींच्या दाढ्या असत, त्या ते करत. एकदा एकाच दिवशी सव्वीस ऋषी केले. मूर्ती काचेच्या कपाटात होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सासूबाई तिची गोष्ट सांगत. त्या गोष्टीत माझ्या न हललेल्या मानेला फार मोठं स्थान होतं. मी दर वेळी उठून पाणी प्यायला जायचो.

नऊ वर्षं मी गप्प राहिलो. शपथेची मुदत त्याच शनिवारी संपली होती, पण मला वाटायचं, नानांचं काम माझ्या गप्प बसण्याने गेलं, निदान मूर्ती तरी माझ्या बोलण्याने जाऊ नये.

मग एका रविवारी मी गोरेगावला गेलो होतो. सासूबाई बाजारात होत्या. नाना ओट्यावर बसून घमेल्यात एक पांढरी दाढी शाम्पूने धूत होते. बहात्तर वर्षांचे झाले होते, बोटं थोडी थरथरायची, पण दाढी हातात आली की थांबायची.

"दिवाकरराव," ते दाढीकडे पाहतच म्हणाले, "त्या पाकिटात व्हिक्टरचं नाव होतं ना?"

मी आधी फाटकाकडे पाहिलं.

"आता काय त्याचं? सांगा."

"हो."

"किती मतं?"

"अकरापैकी नऊ."

नानांनी दाढी पिळली. "नऊ? मला वाटलं सात असतील."

"तुम्हाला माहीत होतं?"

"तुम्हीच तर सांगितलंत. जेवताना."

"मी एक शब्द बोललो नाही, नाना!"

"बोलला नाहीत. मी एकेकाचं नाव घेतलं, तिघांना तुम्ही नीट जेवलात. चौथ्याला काटा लागला." त्यांनी दाढी टॉवेलवर पसरली. "पन्नास वर्षं माणसांची तोंडं बघतोय. मान धरून बसलात, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. कान कोणी सांभाळत नाही."

मला एकदम खूप काही विचारायचं होतं. त्यातलं एकच तोंडाला आलं. "मग तुम्ही ऊटीला का नाही गेलात? हरणार हे कळलं होतं तर?"

"हरणार कुठे? येईल त्याला मिळतं, हे स्टुडिओतल्या कुत्र्यालाही ठाऊक आहे. फक्त व्हिक्टर यायला नको होता."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते कंगवा शोधत होते.

"सेक्रेटरीला मीच सांगितलं," ते म्हणाले, "व्हिक्टरला न्या म्हणून. आज हात चालतोय असा तोच एक. खोटं नाही सांगितलं."

"पण साहेबांचं काम गेलं तुमचं. कायमचं."

"गेलं." कंगवा सापडला. त्यांनी दाढी टोकाकडून विंचरायला घेतली, वरून विंचरली की केस तुटतात म्हणून. "अहो, सिनेमात माझं नाव येतं तेव्हा लोक अंधारात आपली खुर्ची शोधत असतात. ही तर कायमच उशिरा पोचते. चाळीस वर्षांत हिने एकदाही वाचलेलं नव्हतं. म्हटलं, एकदा दिवे लावलेले असताना, ही बसलेली असताना, कोणीतरी मोठ्याने घ्यावं."

फाटक वाजलं. सासूबाई पिशव्या घेऊन आत आल्या.

"काय बोलतास दोघे?"

"काही नाही," नाना म्हणाले. "दाढीचं."

त्या आत गेल्यावर मी हळूच विचारलं, "व्हिक्टरला कळलं का कधी?"

"न कळायला काय झालं? ऊटीहून आला तो निलगिरीच्या तेलाची बाटली घेऊन थेट इथे आला. म्हणाला, दादा, पुढच्या वर्षी तुम्ही कुठे असाल? म्हटलं, घरी."

व्हिक्टर डिमेलोला 'रजतलोक'चा रंगभूषेचा पुरस्कार नानांच्या पुढच्याच वर्षी मिळाला होता. त्या वर्षी त्याचा एकही सिनेमा लागला नव्हता. तो आला होता.